राक्षसी भोपळ्यासाठी माती तपासली, आता काय घालू?

वेलवेडी: अटलांटिक जायंट हा राक्षसी भोपळ्याचा वाण लावायचाय. मागच्या साली वेल नुसता माजला, पानं सुपाएवढी, आणि फळं मुठीएवढी झाली की पिवळी पडून गळायची. परागीकरण रोज पहाटे हातानं केलं होतं. म्हणून यंदा आधी माती परीक्षण केलं: सामू (pH) 7.6, विद्युत वाहकता (क्षारांचं माप) 1.4, सेंद्रिय कर्ब भरपूर, स्फुरद (फॉस्फरस) अत्यंत जास्त, पालाश (पोटॅशियम) जास्त, लोह कमी. या वाफ्यात सहा वर्षं शेणखत आणि कोंबडीखत घालतेय. बजेट एक पोतं खत किंवा आणखी एक परीक्षण, त्यापुढे नाही.

काळीमाती: शेणखत वाढवा. भोपळा खादाड असतो. माझा 61 किलोचा झाला होता, दोन ट्रॉल्या ओतल्या होत्या. सोबत ठिबक, शेडनेट आणि मायकोरायझा (मुळांना साथ देणारी बुरशी) घ्याच.

ओसरी: परीक्षणाला पैसे कशाला घालवता? मी दोन काट्यांचं मीटर घेतलंय. खुपसलं की सामू दिसतो. तीन वर्षं वापरतोय, एकदम मस्त.

खुरपं: तसलंच माझ्याकडे होतं. व्हिनेगर कालवलेल्या मातीत खुपसलं तरी काटा 7 वरच! त्याच्या भरवशावर राहून वाफ्याची वाट लावली.

नांगरट: ताई, शेणखत बंद करा, कोंबडीखत तर अजिबात नको. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खतात चुनाही भरपूर असतो, सामू त्यानंही चढतो. भोपळ्याला 6.5 ते 6.8 बरा. स्फुरद एवढं साचलं की लोह, जस्त मुळांना मिळेनासं होतं. कोवळं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर लोहच कमी पडतंय. मायकोरायझाही एवढ्या स्फुरदात मुळांवर धड बसत नाही, ते पैसे वाचवा. नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की वेल पाल्यातच रमतो, फळ धरताना ते आवरा. गंधकानं सामू उतरतो, पण महिने लागतात. आधी मातीवर व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुनखडी आहे, मग एका पोत्यानं भागणार नाही.

काळीमाती: मग विक्रमवाले खत न घालताच 1,247 किलोवर गेले का?

ओलावा: तो 2023 चा. ऑक्टोबर 2025 मध्ये ब्रिटनच्या जुळ्या भावांचा 1,278 किलोचा झाला. बाकी शेणखताला माझंही अनुमोदन.

वेलवेडी: आत्ताच बघून आले. त्या वाफ्यातल्या काकडीची शेंड्याची तीन पानं पिवळी, त्यांवर शिरांची हिरवी जाळी. मातीवर व्हिनेगर टाकलं तर सोड्यासारखं फसफसलं. तेव्हा शेणखत नाही, गंधकही नाही, तो वाफाच सोडतेय. कुंपणाकडे गवताची जागा आहे, तिथं कधी खत पडलेलं नाही. तिथली माती फसफसली नाही. उरलेल्या पैशात तिचं परीक्षण करते.

नांगरट: तिथं सेंद्रिय कर्ब कमी निघेल, वेल भर हंगामात उपाशी राहील. मी असतो तर वाफा सोडला नसता, वर्षभर खत थांबवून त्यातच लावला असता.

वेलवेडी: कमी निघाला तर पालापाचोळ्याचं कंपोस्ट आहे. उद्या आठ-दहा ठिकाणी वीतभर खणून माती एकत्र करते, सावलीत वाळवून अर्धा किलो पाठवते. फावड्याचा गंज लोहाच्या आकड्यात नको, म्हणून लाकडी खुंटी तासून ठेवलीय.