परदेशी साप-सरडे घरात पाळू द्यावेत का?

कासवगती (मूळ धागा)

माझ्याकडे 2019 पासून एक बॉल पायथन आहे. पश्चिम आफ्रिकेतला हा बिनविषारी अजगर सहसा चार-पाच फुटांपलीकडे वाढत नाही आणि घाबरला की डोके वेटोळ्यात लपवून चेंडूसारखा गोल होतो. नाव त्यावरूनच पडले. परवा एका घरगुती समारंभात ‘असल्या प्राण्यांवर सरसकट बंदीच घातली पाहिजे’ असे एका नातेवाइकांनी ठणकावून सांगितले आणि बहुतेकांनी माना डोलावल्या, म्हणून हा विषय इथे मांडतो आहे.

माझा बंदीला विरोध आहे. नाग, धामण, घोरपड, स्टार कासव हे आपल्याकडचे प्राणी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे पाळता येत नाहीत आणि ते योग्यच आहे. परदेशी प्राण्यांसाठी मात्र आता वेगळी व्यवस्था उभी राहिली आहे. केंद्र सरकारने जून 2020 मध्ये त्यांची माहिती स्वेच्छेने देण्याची योजना आणली, 2022 च्या दुरुस्तीने वन्यजीवांच्या व्यापारावरच्या ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतील प्रजाती कायद्याच्या कक्षेत घेतल्या आणि 2024 च्या नियमांनी त्यांची नोंदणी बंधनकारक केली. बंदी आली तर आज स्वतःहून नोंद करणारी माणसेच आधी गप्प बसतील. शिवाय घरात साप निघाला की काठी शोधणारे माझे वडील आता सर्पमित्राला फोन करतात, हेही मला थोडके वाटत नाही.

शंकासुर

वडिलांचे मनापासून कौतुक आहे. पण सर्पमित्राला फोन करायला शिकण्यासाठी आफ्रिकेतला अजगर घरात आणावा लागतो, हे पटत नाही. पुण्यातल्या कितीतरी मुलांची सापाची भीती कात्रजच्या सर्पोद्यानात गेली आणि त्यासाठी कुणाला टाकी विकत घ्यावी लागली नाही.

तुमच्या नोंदणीविषयी मात्र एक नेमका प्रश्न आहे. 2020 च्या योजनेत मुदतीच्या आत माहिती देणाऱ्याकडे प्राणी कुठून आला याचे कागद मागितलेच नव्हते. मग तुमचा अजगर कुठून आला होता? हे खवचटपणे विचारत नाही. डिसेंबर 2023 मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत दडवलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले होते. जून 2025 मध्ये तर थायलंडहून आलेल्या एकाकडे 47 विषारी साप मिळाले आणि त्यांतले बहुतेक इंडोनेशियातले चापडे होते. आपल्याकडची सर्पदंशावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बेतलेली आहे; त्या चापड्यांपैकी एखादा कुणाच्या शयनगृहात पोहोचून चावला असता, तर डॉक्टरांनी काय टोचायचे होते?

कासवगती

विषारी सापांचे समर्थन मी केलेले नाही, करणारही नाही. पण तस्करीचा मुद्दा तुमच्यावरही उलटतो. मांडूळ बाळगायला कायद्याने मुळीच परवानगी नाही, तरी गुप्तधनाच्या खुळापायी त्याची तस्करी थांबलेली नाही. म्हणजे बंदी आहे तिथे तस्करी आहेच.

पशुवैद्य_नाशिक

दोघेही कागदांवर भांडत आहात, म्हणून टेबलावरची गोष्ट सांगतो. गेल्या पावसाळ्यात दीड वर्षाचा एक हिरवा इग्वाना सरडा माझ्याकडे आणला गेला. त्याचा खालचा जबडा दोन बोटांत धरला तर रबरासारखा वाकत होता आणि मागचे पाय ओढत तो पुढे सरकत होता. घरची मंडळी निष्काळजी नव्हती. रोज ताजी काकडी चिरून घालत होती आणि टाकीवर दिवाही लावलेला होता. पण तो साधा दिवा होता. अतिनील किरण मिळाले नाहीत तर ड जीवनसत्त्व तयार होत नाही, आहारातले कॅल्शियम अंगी लागत नाही आणि शरीर ते हाडांतून काढून घेऊ लागते. योग्य नळी आणली तरी तिचा उजेड दिसत राहतो आणि किरण मात्र काही महिन्यांत क्षीण होतात, हे दुकानदार बहुधा सांगत नाही. हाच प्राणी पुढे शेपटीसकट पाच फुटांचा होतो, हेही नाही.

बॉल पायथनचे पाहा. त्याला टाकीचा एक कोपरा 31-32 अंशांवर लागतो, आणि आमच्याकडे जानेवारीच्या रात्री वीज गेली की पोटात उंदीर असलेला साप तो ओकून टाकतो. ‘स्पायडर’ नावाचा त्याचा एक रंगप्रकार नक्षीसाठी मुद्दाम पैदा केला जातो. त्याचे डोके जन्मभर लटलट हलते, कारण ती नक्षी आणि मज्जासंस्थेतला तो दोष एकत्रच येतात. लोक तरीही मागतात. त्यामुळे माझे मत बंदीकडे झुकते. पंचवीस वर्षे जगणारा साप विकत घेणाऱ्याला दुकानात कुणी एक प्रश्नही विचारत नाही, तिथे परवानगी कशाच्या भरवशावर द्यायची?

तळ्याकाठी

मत्स्यालयांच्या दुकानांत मिळणारी लाल कानशिलाची अमेरिकन कासवे कुणाच्याच लेखी ‘विदेशी सरपटणारे प्राणी’ नसतात. आणताना ती रुपयाएवढी असतात, ताटलीएवढी झाली की देवळाच्या तळ्यात सोडली जातात, आणि वर पुण्य केल्याचे समाधान! जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत त्यांचे नाव आहे. बंदीची सुरुवात तिथून करा, अजगराचे नंतर पाहू.

शंकासुर

कासवांबद्दल शंभर टक्के सहमत. फ्लोरिडाच्या दलदलीत पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून सुटलेल्या ब्रह्मी अजगरांनी रॅकून आणि ओपोसम हे छोटे सस्तन प्राणी जवळजवळ संपवले; 2012 च्या अभ्यासात त्यांच्या नोंदी 98-99 टक्क्यांनी घटल्याचे आढळले. अमेरिकेने त्या अजगरांच्या आयातीवर बंदी घातली तीही त्याच वर्षी, म्हणजे सगळे होऊन गेल्यावर.

कासवगती, माझ्या प्रश्नाचे उत्तर राहिले आहे.

कासवगती

राहिले आहे आणि ते टाळत होतो, हे कबूल करतो. दुकानदाराने ‘ब्रीडरकडचा आहे’ एवढेच सांगितले होते आणि मी पुढे विचारले नाही. नंतर वाचनात आले की घाना, टोगो आणि बेनिनमधून पाळीव पैदास म्हणून निघणाऱ्या पिल्लांपैकी बरीचशी रानातून उचललेल्या गाभण माद्यांची किंवा अंड्यांची असतात. माझा त्यांतला होता की विमानतळावरून निसटलेला, हे आता कळायला मार्ग नाही.

सरसकट बंदी मला अजूनही मान्य नाही. इथेच जन्मलेल्या, आईबापांची नोंद असलेल्या मोजक्या बिनविषारी प्रजाती, तेही डॉक्टर म्हणतात तशी खरेदीदाराची तयारी तपासून, एवढ्यापुरती परवानगी असावी. ते होईपर्यंत दुसरा प्राणी मी आणणार नाही. पावती अजून कपाटात आहे. तिच्यावर सापाचा उल्लेखच नाही, ‘काचेची टाकी व इतर साहित्य’ एवढेच लिहिले आहे.