मोडणाऱ्याला सात दिवस आणि चोरून पाहणाऱ्याला कायमची बंदी: हा न्याय आहे का?

गस्तवाला (धागालेखक)

ठोकळ्यांनी (ब्लॉक) जग बांधण्याच्या माइनक्राफ्ट या खेळाच्या ज्या सर्व्हरवर मी अ‍ॅडमिन आहे, तेथील नियमावली सध्या नव्याने लिहिली जात आहे. दुसऱ्याचे बांधकाम मोडणाऱ्या ग्रीफरला पहिल्या खेपेस 7 दिवसांची बंदी आणि एक्स-रे (दगडाआडचे दाखवणारी फसवी युक्ती) वापरून खनिजे शोधणाऱ्यास पहिल्याच खेपेस कायमची बंदी, असा माझा प्रस्ताव आहे. अनेकांना हे उफराटे वाटेल, कारण जळालेले घर सर्वांना दिसते आणि दगडाआड पाहून काढलेले हिरे कोणालाच दिसत नाहीत. परंतु झालेले नुकसान भरून काढता येते की नाही, हा माझा निकष आहे. कोअरप्रोटेक्टसारखे प्लगिन (सर्व्हरला जोडायचा पूरक प्रोग्राम) कोणी कोणता ब्लॉक केव्हा ठेवला वा फोडला याची नोंद ठेवते, आणि खेळाडूचे नाव, कालावधी व त्रिज्या दिली की तेवढाच भाग पूर्ववत करते. त्यासाठी सबंध सर्व्हर जुन्या बॅकअपवर न्यावा लागत नाही. याउलट एक्स-रेने मिळालेले हिरे पाहता पाहता विकले जातात, त्यांची अवजारे होतात, प्रामाणिकपणे खणणाऱ्याच्या मालाचा भाव पडतो, आणि हे सारे उलटवणारी कोणतीही आज्ञा अस्तित्वात नाही.

संशयाचा_फायदा

निकष आकर्षक आहे, पण त्यात पुराव्याला जागाच नाही. भिंत कोणी फोडली हे लॉग, म्हणजे प्लगिनची नोंद, नावानिशी सांगतो, तर एक्स-रेचा आरोप जवळजवळ नेहमी अनुमानावर उभा असतो: याचा बोगदा दोनदा काटकोनात वळला आणि दोन्ही वेळा हिऱ्यांपाशी पोहोचला, म्हणून हा लबाड. फसवणुकीने उडण्याच्या आरोपाचेही तसेच आहे. सर्व्हर सेकंदाला 20 वेळा जगाची स्थिती मोजतो, आणि ज्याचे कनेक्शन अडखळते तो खेळाडू त्या मोजणीत क्षणभर हवेत तरंगताना दिसू शकतो. मोठ्यांच्याही चुका होतात. जुलै 2010 मध्ये व्हॅल्व्ह या खेळ-कंपनीच्या फसवणूक पकडणाऱ्या यंत्रणेने मॉडर्न वॉरफेअर 2 या खेळाच्या सुमारे 12,000 खेळाडूंवर चुकीने बंदी घातली होती. व्हॅल्व्हच्या स्टीम या खेळविक्रीच्या मंचाने खेळ अद्ययावत करताना त्याची एक फाइल डिस्कवर बदलली होती आणि मेमरीत जुनीच राहिली होती, एवढेच कारण निघाले. बंदी मागे घेतली गेली आणि त्या खेळाडूंना एक खेळ भेट म्हणून मिळाला. पुरावा जितका कच्चा, तितकी शिक्षा सौम्य असली पाहिजे. आपण नेमके उलट करत आहात.

गस्तवाला

अनुमानावर विसंबण्याची गरज आता तितकीशी राहिलेली नाही. पेपर या सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय आहे की सर्व्हर खेळाडूच्या संगणकाला जमिनीखालच्या भागाची खोटी माहिती पाठवतो आणि जेथे दगड आहे तेथे खनिज असल्याचे भासवतो. प्रामाणिक खेळाडूला हे बनावट खनिज दिसतच नाही. त्यामुळे जो त्याच्याच रोखाने पुन्हा पुन्हा बोगदा खणतो, त्याने स्वतःविरुद्ध साक्ष दिली असे मी मानतो.

संशयाचा_फायदा

गुहेत उघड्यावर असलेली खनिजे त्या बनावटीत झाकली जात नाहीत, त्यामुळे हुशार लबाड तेवढीच वेचतो आणि तुमच्या सापळ्यात अननुभवी पोरे सापडतात. कायमची बंदी नेमकी त्यांच्यावर घालणार का?

विटेवर_वीट

आपण दोघेही अ‍ॅडमिनच्या खुर्चीतून बोलत आहात. मी बांधणारी आहे. घर पूर्ववत होते हे खरे, पण अ‍ॅडमिन जागा होऊन आज्ञा देईपर्यंत मालकाने तो खड्डा पाहिलेला असतो, शेजाऱ्याने मदत म्हणून त्यात स्वतःचे ब्लॉक भरलेले असतात, आणि मग रोलबॅक, म्हणजे जागा पूर्ववत, करताना कोणाचे काम ठेवायचे यावर नवे भांडण जुंपते. ज्याचे घर दोनदा मोडले तो तक्रार करत बसत नाही; तो येणेच बंद करतो, आणि त्याचा रोलबॅक होत नाही. हे नुकसान आपल्या निकषात कोठे बसते? शिक्षेच्या दिवसांवर वाद घालण्यापूर्वी ग्रीफप्रिव्हेन्शनसारखे प्लगिन लावा, म्हणजे प्रत्येकाला सोन्याच्या फावड्याने आपली जमीन आखून कुलूपबंद करता येईल. मोडताच आले नाही, तर 7 दिवस की 70, हा प्रश्न बराचसा आपोआप मिटेल.

कायदा_नको

टूबीटूटी हा सर्व्हर 2010 पासून जवळजवळ नियमांवाचून चालला आहे. तेथे मोडतोडही होते, फसवणूकही होते, आणि तरी लोक येतात.

विटेवर_वीट

येतात, कारण तेथे काय होणार हे येण्यापूर्वीच ठाऊक असते. संरक्षणाचे आश्वासन देऊन ते न पाळणाऱ्या सर्व्हरला हे उदाहरण लागू पडत नाही.

दुसरे_खाते

एक व्यावहारिक मुद्दा राहिला आहे. कायमची बंदी खात्यावर बसते, माणसावर नाही. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचे नवे खाते विकत घ्यावे लागते एवढाच अडसर, म्हणून अ‍ॅडमिन मंडळी आयपी पत्त्यावर (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावर) बंदी घालण्याकडे वळतात. मोबाइल इंटरनेटवर तर अनेक अनोळखी ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्याआड असतात, आणि तेव्हा एका लबाडापायी ज्यांनी काहीच केले नाही तेही दाराबाहेर राहतात. शिवाय पत्ता बदलून तो लबाड परततोच.

गस्तवाला

आयपी बंदी मी प्रस्तावातून वगळतो, आणि जमीन आखण्याची सोयही करू. एक्स-रेच्या कायमच्या बंदीवर मात्र ठाम आहे. अपिलाला वाव राहील. पण पुरावा कोणासमोरही उघड करणार नाही, कारण कोणत्या खुणेवरून पकडले हे कळले की पुढचा ती खूण टाळतो. व्हॅल्व्हची यंत्रणाही शोध लागल्याबरोबर बंदी घालत नाही, मुद्दाम उशीर करते, ते याचसाठी.

संशयाचा_फायदा

आरोपीला पुरावा दाखवू नका, हे एक वेळ मान्य. पण तो दुसऱ्या कोणीतरी पाहिला पाहिजे. काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या खेळात 2013 पासून संशयिताचे नाव झाकून त्याच्या सामन्याचे चित्रण अनेक अनुभवी खेळाडूंना दाखवत आणि त्यांचे मत घेत असत. तेवढा पसारा आपल्याला झेपणार नाही. तरी ज्या अ‍ॅडमिनने बंदी घातली त्याच्याकडे अपील जाणार नाही, आणि ऐकणाऱ्याला खेळाडूचे नाव न सांगता केवळ बोगद्याचा नकाशा व लॉग दिला जाईल, ही दोन वाक्ये नियमावलीत लिहा. ती लिहीपर्यंत माझे मत विरोधात मोजावे.