कात्रज-कोंढवा रस्ता: सिग्नलला डंपर शेजारी असेल तर सायकल कुठे थांबवायची?

पायडलवाला: ऑफिसला जायला हा रस्ता टाळता येत नाही. हायवा, सिमेंट मिक्सर, कंटेनर, सगळे इथूनच. सिग्नलला ट्रकच्या डावीकडे मीटर-दीड मीटर जागा मोकळी असते, दुचाक्या त्यातून पुढे सटकतात. मागे थांबलं की रिक्षावाले हॉर्न मारून जीव नकोसा करतात. नेमकं उभं कुठे राहावं? आरसा, लाइट कोणते? हेल्मेट आहे, ते सांगू नका.

स्पोकटाइट: ती डावीकडची जागा आपली नाही, हे आधी मान्य करा. ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि डाव्या दाराची काच तुमच्या डोक्याच्या वर सुरू होते. दारालगतची सायकल त्याला दिसलीच तर फक्त आरशात, आणि तो आरसा बऱ्याचदा धुळीने माखलेला.

त्यात लांब गाडी डावीकडे वळवायची तर आधी उजवीकडे बाहेर काढावी लागते. बघणाऱ्याला वाटतं ट्रक सरळ चाललाय. डावीकडची फट आणखी रुंद होते, लोक तिथे घुसतात आणि मग मागची चाकं आतून कापत येतात. पुढच्या-मागच्या चाकांत साडेचार मीटर अंतर आणि वळणाची त्रिज्या दहा मीटर धरली, तर मागचं चाक पुढच्यापेक्षा साधारण एक मीटर आतून जातं. ट्रेलरचं याहून कितीतरी जास्त. इंडिकेटर बघून ठरवू नका, तो लावतीलच असं नाही.

थांबायचं ट्रकच्या मागे चार-पाच मीटर, लेनच्या मधोमध. चढावर भरलेला डंपर सुटताना थोडा मागे येतो, म्हणून एवढं अंतर. रिक्षावाले वाजवू देत.

जुना_वाहतूकदार: बरोबर. एक भर: ट्रकच्या पुढेही आंधळी जागा असते. आपल्याकडचे बहुतेक ट्रक चपट्या तोंडाचे, त्यामुळे बंपरला चिकटून उभी असलेली सायकल काचेखाली जाते. पुढे थांबायचंच तर तीन-चार मीटर सोडा आणि ड्रायव्हरचा चेहरा दिसतोय का बघा.

पूर्वी क्लीनर डावीकडून दारावर थाप मारून सांगायचा. आता कितीतरी गाड्यांवर ड्रायव्हर एकटाच असतो, म्हणजे ती बाजू बघणारं कोणीच नाही.

पायडलवाला: मी आधीच कडेला थांबलोय आणि ट्रक मागून येऊन शेजारी उभा राहिला तर?

स्पोकटाइट: तिथे राहायचं नाही. सिग्नल लाल असून पुढे मोकळं असेल तर वर सांगितलंय तेवढं पुढे सरका. नसेल तर उतरा, सायकल फुटपाथवर घ्या, ट्रक गेला की निघा. डाव्या हाताला रेलिंग किंवा भिंत असेल तर त्या कडेला मुळात थांबूच नका, उडी मारायलाही जागा उरत नाही. हवा सुटल्याचा फुस्स आवाज आला की ब्रेक सुटला, गाडी आता हलणार असं समजा.

रात्रपाळी: आरसा हँडलच्या उजव्या टोकाला, बहिर्वक्र. त्यात गाडी असते त्यापेक्षा लांब वाटते, म्हणून लेन बदलण्याआधी मान वळवून बघाच. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा, आणि कॅरिअरवरच्या बॅगेने तो झाकला जात नाही ना ते तपासा. रिफ्लेक्टर पट्टी जॅकेटपेक्षा घोट्याला जास्त कामाची, पायडलबरोबर ती वरखाली हलते आणि लांबून सायकल ओळखू येते. स्पोकमध्येही रिफ्लेक्टर लावा, चौकात बाजूने येणाऱ्याला तेच दिसतात.

कडेपासून मीटरभर आत चालवा. डंपरमधून सांडलेली कच आणि खडी कडेलाच साचते, त्यावर पुढचा ब्रेक दाबला की चाक निसटतं. वेगातला ट्रेलर जवळून गेला की वारा आधी बाहेर ढकलतो, मग आत ओढतो. कोपर सैल ठेवा, ब्रेकला हात लावू नका.

जुना_वाहतूकदार: लंडनमध्येही गाड्या डावीकडून चालतात, म्हणजे भूमिती हीच. तिथे 12 टनांवरच्या ट्रकला केबिनमधून थेट किती दिसतं त्यावर तारे मिळतात. ऑक्टोबर 2024 पासून तीन तारे लागतात, कमी असतील तर कॅमेरे, सेन्सर वगैरे बसवल्याशिवाय परवाना नाही. आपल्याकडे खडीच्या गाड्यांना चाकांच्या मधली बाजूची लोखंडी पट्टी धड दिसली तरी खूप. वाकलेली किंवा गायब असेल तर त्या गाडीपासून आणखी लांब राहा. आणि घंटी वाजवून उपयोग नाही, केबिनपर्यंत ती पोचत नाही.