मे महिन्यातलं रिसेप्शन, ५०० माणसं, गावातच मांडव: पंगत की बुफे?

धुऱ्यावरचा
नमस्कार मंडळी. पुतण्याचं लग्न मुलीकडे आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या गावी (ता. दारव्हा, जि. यवतमाळ) रिसेप्शन. मेचा दुसरा आठवडा, शाळेच्या पटांगणात मांडव. अंदाज ५०० माणसांचा, जेवण शाकाहारीच. पोरांना बुफे पाहिजे: पनीर, तंदुरी रोटी, नूडल्स, पाणीपुरी, आइस्क्रीम. थोरले म्हणतात पंगत: आलू-वांग्याची भाजी, वरण-भात, पोळी, बुंदी, मठ्ठा. आचारी गावातला आहे, बुफे ठरला तर कॅटरर यवतमाळहून येईल. कोणती पद्धत धरावी आणि सामान किती काढावं, जाणकारांनी सांगावं.

गंजझारा
आधी आकडा पक्का करा भाऊ, मेनू मागून. आवतन चूलबंद आहे की घरटी एक? चूलबंद दिलं तर त्या घरात त्या रात्री चूल पेटत नाही, म्हातारी-लेकरांसकट सगळे येतात. १०० घरं चूलबंद म्हणजे ४०० माणसं गावातलीच झाली, बाहेरगावचे पाहुणे अजून मोजलेच नाहीत. यादीत प्रत्येक नावापुढे 'चूलबंद' किंवा 'एक' लिहा आणि मग बेरीज मारा. पत्रिकांच्या संख्येला सरसकट दोनाने गुणून काढलेला अंदाज खेड्यात चुकतोच.

धुऱ्यावरचा
तसंच मोजलं आहे काकाजी. गावातले ३४०, बाहेरचे १५० ते १६०.

सांभारवडी
मग माझं मत स्पष्ट आहे: टेबल-खुर्चीवरची पंगत, मेनू सात पदार्थांचा, वऱ्हाडी. कारणं सांगते.

बुफेत शेवटच्या माणसालाही सगळी भांडी भरलेली दिसावी लागतात. त्यामुळे प्रत्येक पदार्थ १५ ते २० टक्के जास्त शिजवावा लागतो, आणि पदार्थ बारा असले की ते जास्तीचं बाराही भांड्यांत उरतं. पंगतीत उरतं ते दोन-तीन गंजांत (मोठ्या पातेल्यांत), आणि तेही शेवटच्या पंगतीआधी दिसतं म्हणून पुढचा घाणा थांबवता येतो.

दुसरं, गर्दीची वेळ. खेड्यातलं रिसेप्शन सातला सुरू झालं की साडेसातला सगळे जेवायला उठतात, कारण बाहेरगावच्यांना गाडी धरायची असते. दोन्ही बाजूंनी वाढून घेता येईल असा एक काउंटर तासाला ३०० ते ३५० माणसं काढतो. तंदूर आणि नूडल्सपाशी मात्र ही रांग अडते. नूडल्सची कढई एका वेळी आठ-दहा ताटांची, आणि एका तंदूरवर ५०० माणसांच्या रोट्या निघत नाहीत. आधी करून ठेवलेली तंदुरी रोटी चामड होते, मग लोक दोन घास खाऊन टाकतात.

पंगत १२५ जणांची बसवा. बसणं, जेवणं, टेबल पुसणं मिळून ३० ते ३५ मिनिटं. चार पंगतीत, सव्वादोन तासांत गाव जेवतं. १२५ जणांना १४-१५ वाढपी आणि पाण्याला वेगळे ४ जण. पाणी वाढणाराच भाजी घेऊन फिरला की दोन्ही अडतं.

ओलिताचा शेतकरी
पनीरचं सोडा भाऊ. मेमधी आपल्याकडं पारा ४४-४५ले जाते. ५०० माणसाले ३५-४० किलो पनीर लागते. बर्फाबिगर टेम्पोत दोन तास आलं का आंबूस वास मारते, अन् रश्श्यात टाकल्यावर तो वास मसाल्यात दबते म्हणून कोणाले समजत नाई. लगनसराईत पामतेल अन् पिठूळ घातलेलं नकली पनीरबी खूप येते. घ्यायचंच असन तर तुकडा उकळा, थंड करा, आयोडीनचा थेंब टाका. निळं पडलं का पिठूळ मिसळलं समजा. मावा-बासुंदीचंबी तसंच. बुंदी करा, तिले गरमीचं भेव नाई.

गंजझारा
५०० माणसांचं सामान लिहून घ्या. पंगत धरून सांगतो, बुफेला यात सहावा हिस्सा वाढवा.

कणीक ५० किलो. किलोला २८ ते ३० पोळ्या, माणशी तीन. तांदूळ ४० किलो. तुरीची डाळ वरणाला २० किलो. वांगी ४५ आणि आलू २५ किलो. दही ३५ किलो, त्यात ६० लिटर पाणी घातलं की मठ्ठा पुरतो. बुंदीला बेसन १३ किलो आणि साखर २५ किलो, तळणीचं शोषलेलं तेल धरून ४५ किलोच्या आसपास उतरते. तेलाचे १५ किलोचे दोन पिपे. व्यावसायिक सिलिंडर (१९ किलोचा) चार आणा, एक अडचणीला राहील.

तांदूळ एचएमटी किंवा जय श्रीराम घ्या, पण एक वर्ष जुना. एचएमटी आपल्या नागभीड तालुक्यातल्या (जि. चंद्रपूर) नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी शोधलेलं वाण, पंगतीच्या भाताला मोकळं होतं. नवा तांदूळ दुप्पट पाण्यात गोळा होतो, त्याला दीडपटच लागतं, हे आचाऱ्याला आधी सांगा. आणि ४० किलो एकदम चढवू नका. दर पंगतीला १० किलोचा घाणा, आधीची पंगत बसली की पुढचा चढवायचा.

रोहिणी नक्षत्र
तरुणांचाही मान राहावा म्हणून साध्या भाताऐवजी वडाभात ठेवा. बाहेरच्या पाहुण्यांनाही विशेष वाटतं. गोळाभात ५०० माणसांना नको. गोळे भातात शिजतात आणि मोठ्या गंजात भात हलवला की फुटून सगळा भात पिठूळ होतो. वडे वेगळे तळलेले असतात, पानात भातावर कुस्करायचे, वरून लसूण-मिरचीची कडकडीत फोडणी.

माणशी दोन वडे म्हणजे हजार. त्याला मिश्र डाळ २० किलो: चणा ८, तूर ६, मूग ४, उडीद २. मेमध्ये तीन-चार तासच भिजवा. रात्रभर भिजवली की आंबते, वडे तेल पितात आणि आंबट लागतात. भरड वाटा, पाणी घालू नका. मीठ सगळ्या पिठात एकदम टाकू नका, त्याला पाणी सुटतं. घाण्यापुरतं पीठ काढून त्यातच मीठ घाला. फोडणीचं तेल गरम नसेल तर सगळा वडाभात कोरडा लागतो, म्हणून फोडणीची छोटी शेगडी वाढण्याच्या जागेजवळच हवी.

पाटवडी-रस्साही चांगला पर्याय आहे. फक्त वड्या रश्श्याच्या गंजात टाकून ठेवू नका. अर्ध्या तासात विरघळतात आणि रस्सा पिठल्यासारखा होतो. द्रोणात दोन वड्या, वरून रस्सा.

धुऱ्यावरचा
वडाभात घरात सगळ्यांना पटला. दोन शंका. आमरस ठेवावा का? आणि काही जण वरण-रोडगे (निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे) म्हणतात.

सांभारवडी
रोडगे देवाच्या भंडाऱ्याला ठीक. गोवऱ्यांच्या आरावर भाजायला पाऊण तास, एका वेळी आरात मावतील तेवढेच, आणि गार रोडगा कडक होतो. संध्याकाळी नटूनथटून आलेल्या पाहुण्यांना राखेतून काढलेला रोडगा फोडायला द्यायचा तर निवांतपणा हवा, तो रिसेप्शनला नसतो. हळदीच्या दिवशी घरच्या माणसांपुरते करा, तेव्हा त्याची खरी गोडी.

आमरस माणशी दीडशे मिली धरला तरी ७५ लिटर. किलो आंब्याचा जेमतेम अर्धा किलो रस निघतो, म्हणजे दीड क्विंटल बैंगनपल्ली. पैसा असेल तर बुंदीऐवजी करा, दोन्ही नको. रस स्टीलच्या गंजात, तो गंज बर्फाच्या टाकीत, आणि वाढण्याच्या दोन तास आधी काढलेला. मठ्ठ्यालाही हेच. कल्हई गेलेल्या पितळेत आंबट ठेवलं की कळकतं.

गंजझारा
सगळ्यात जास्त बिघडतं ते वरण. आचारी दुपारी बाराला डाळ शिजवून, झाकण घट्ट लावून ठेवतो. मोठ्या गंजातली दाट डाळ तासन् तास कोमट राहते, आणि कोमटातच आंबते. डाळ चारला चढवा. शिजल्यावर मंद आचेवर उकळीच्या जवळ ठेवा, झाकण तिरपं. आटली तर उकळतं पाणीच घाला. गार पाण्याने चव मोडते आणि वरण पुन्हा कोमटावर येतं.

भाजीत आलू आधी अर्धे शिजवा, वांगी मागून, आणि वांगी पडल्यावर १०-१२ मिनिटंच. चिरलेली वांगी मिठाच्या पाण्यात ठेवा, नाहीतर काळी पडतात. तर्री वेगळ्या भांड्यात काढा. म्हातारे आणि लेकरांना बिनतर्रीची, बाकीच्यांना वाढप्याने विचारून वरून.

पोळ्यांना गावातला महिला बचत गट सांगा. लाटणारी-भाजणारी अशी जोडी तासाला ९० ते १०० पोळ्या काढते. पाच जोड्या, साडेतीन तास. गरम पोळ्या थेट डब्यात रचू नका, घाम सुटून खालच्या चिकटतात. कापडावर वाफ जाऊ द्या, मग रचा.

रोहिणी नक्षत्र
पाणीपुरी आणि आइस्क्रीम ठेवा, पण पंगतीपासून लांब, मांडवाच्या दुसऱ्या टोकाला. पंगत मिळेपर्यंत लोक तिथे थांबतात, खुर्च्यांमागे उभे राहत नाहीत. पाणीपुरीचं पाणी जारच्याच पाण्याचं हवं, टँकरचं नको. आइस्क्रीमवाल्याला जनरेटरची लाइन द्या.

ओलिताचा शेतकरी
पिण्याचं पाणी माणशी दीड लिटर पकडा, म्हणजे २० लिटरचे ३८-४० जार. हात धुवाले अन् भांड्याले टँकर अलग. थर्माकोलच्या प्लेटी आणू नका, २०१८ पासून बंदी हाय. पळसाच्या पत्रावळी घ्या, ५०० माणसाले ६०० सांगा, काई फाटक्या निघतात. द्रोण हजार: एक भाजीचा, एक मठ्ठ्याचा.

धुऱ्यावरचा
ठरलं: टेबल-पंगत, वडाभात, बुंदी, पाणीपुरी दुसऱ्या टोकाला. आचाऱ्याला यादी देतो. बुंदी आदल्या रात्री पाडली तर चालेल ना?

सांभारवडी
आदल्या रात्रीच पाडा, चांगली मुरते. पाक एकतारीच ठेवा, पुढे गेला तर सकाळी दाण्यांवर साखर धरते. गार झाल्यावरच झाका, आणि पहिल्या पंगतीआधी थोडं गरम तूप शिंपडून हाताने मोकळी करून घ्या.