पॅरिस सहल: १९.९९ युरोचं तिकीट परवडतं कसं?

लुकनहून:

नमस्कार मंडळी,
सहलीसाठी रायनएअर या स्वस्त विमान कंपनीचं डब्लिन–पॅरिस तिकीट १९.९९ युरोला दिसतंय. इथे डब्लिनच्या उपनगरातल्या आमच्या घरून एअरपोर्टच्या टॅक्सीलाच त्याहून जास्त लागतात! यात त्यांना परवडतं कसं? की पुढे कुठेतरी खिसा कापणार? पुण्याहून सासू-सासरे आलेत, त्यांचीही तिकिटं काढायची आहेत, म्हणून विचारतेय.

खजिनदार:

वहिनी, फसवणूक नाही, निर्धास्त राहा. पण हिशेब समजून घ्या.

रायनएअरने नव्वदच्या दशकात टेक्सासच्या साउथवेस्ट या विमान कंपनीचा कित्ता गिरवला. जवळजवळ सगळा ताफा बोइंग ७३७ चा, म्हणजे पायलट, मेकॅनिक, सुटे भाग कुठेही चालतात. विमान उतरलं की २५ मिनिटांत परत उडवायचं. सीट मागे कलत नाही, समोर कप्पा नाही. कप्पाच नाही, तर त्यातला कचरा काढण्यात वेळ जायचा प्रश्नच येत नाही. जमिनीवर उभं विमान कमावत नाही, हे त्यांनी फार मनावर घेतलंय.

मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षाचे आकडे बघा: १८ कोटींवर प्रवासी, सरासरी भाडं साधारण ५० युरो. म्हणजे तुम्हाला १९.९९ ला मिळालं, तर ऐनवेळी काढणारा कुणीतरी दीडशे भरतोय. त्याशिवाय बॅग, सीट, खाणंपिणं यातून माणशी २३ युरोच्या आसपास. आणि सगळं जाऊन नफा? माणशी जेमतेम १० युरो. वरच्या या कमाईशिवाय गाडा चाललाच नसता. म्हणून मला त्यांचा राग येत नाही. नियम आधीच लिहिलेले असतात.

एक महत्त्वाचं: हे ‘पॅरिस’ म्हणजे बोव्हे. शहरापासून ८५ किलोमीटर, बसने सव्वा तास, बसचं भाडं वेगळं. आणि विमान तीन तासांहून जास्त लेट झालं, चूक कंपनीची असली, तर एवढ्या अंतराला २५० युरो भरपाई मिळते. तिकीट कितीचं होतं हे बघत नाहीत. मागायला लाजू नका.

ब्लँचर्ड्सटाउनहून:

खजिनदार काकांच्या मेलला जोड. फुकट बॅग ४० × ३० × २० सेंमी, चाकं आणि हँडल धरून. घरी टेपने मोजा, तीही भरल्यावर. एका कंपनीच्या गेटवर आमची बॅग मापाच्या साच्यात गेली खरी, पण बाहेरचा कप्पा फराळाच्या डब्याने फुगलेला होता. तिकिटाच्या दुपटीहून जास्त दंड भरला.

आणि भारतीय पासपोर्ट असेल, तर ऑनलाइन चेक-इन झालं तरी सिक्युरिटीच्या आधी रायनएअरच्या काउंटरवर कागदपत्रं तपासून घ्यावी लागतात. तिथे रांग असते, वेळ ठेवा. सासू-सासऱ्यांचं मात्र थांबा, वहिनी. आयर्लंडच्या व्हिसावर फ्रान्सला जाता येत नाही, युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा शेंगेन व्हिसा वेगळा लागतो. शिवाय इथला व्हिसा सिंगल एंट्री असेल, तर बाहेर गेल्यावर परत यायला नवा व्हिसा लागेल.

लुकनहून:

दोघांचेही मनापासून आभार. आत्ताच पासपोर्ट काढून बघितले, सिंगल एंट्रीच आहे. त्यांना आम्ही आयर्लंडमधल्याच गॉलवेला नेऊ. आमची दोघांची तिकिटं आज काढते, सीट न निवडता.