आठ नखं, दोन बूट आणि एक आंघोळ : आपापले छोटे विजय सांगा

काल रात्री पावणेदहाला मी अंधारात सरपटत खोलीबाहेर आले. सव्वा वर्षाच्या लेकाच्या मुठीत माझी तर्जनी अडकली होती. त्याचं एकेक बोट सोडवायला किती वेळ लागला ते विचारू नका. उंबरा ओलांडला, दार पुढे ओढलं आणि बाहेर येऊन आवाज न करता नाचले. नवऱ्याने भुवया उंचावून विचारलं, मी अंगठा दाखवला. तोही नाचला.

बाळाच्या पहिल्या पावलाचे फोटो निघतात. माझ्या या सरपटण्याचा फोटो कोण काढणार? म्हणून म्हटलं, तुम्हाला विचारावं. या आठवड्यात तुम्ही काय जिंकलात? बारीकसारीक सगळं चालेल. सल्ले मात्र नकोत, ते घरोघरी फुकट मिळतात.

*

दहा महिन्यांच्या मुलीचा बाबा. जागेपणी ती नखं कापू देत नाही, त्यामुळे मी ती झोपेत कापतो. तोंडात टॉर्च, हातात छोटी कात्री, श्वास रोखलेला. काल आठ झाली. नवव्याला तिने कूस बदलली आणि हात पोटाखाली गेला. दोन करंगळ्या उद्यावर.

*

दार लावून आंघोळ केली. डोक्यावरून. बाहेरून कुणीही दार वाजवलं नाही.

*

माझी मुलगी तीन वर्षांची. सध्या प्रत्येक गोष्टीला 'मीच!' परवा निघायला आधीच उशीर झालेला आणि बाईसाहेब बूट घालायला बसल्या. जीभ बाहेर, कपाळाला आठी. पट्टा ओढायचा, तो सुटायचा, पुन्हा ओढायचा. माझे हात इतके शिवशिवत होते की मी ते पाठीमागे बांधून उभी राहिले. घड्याळाकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलंच. अकरा मिनिटं. मग ती उठली, दोन पावलं चालली आणि माझ्याकडे असं बघितलं, की बस्स. उजवा बूट डाव्या पायात, डावा उजव्यात. जीभ चावली, पण काही बोलले नाही. तशीच फेंगडी चालत ती सगळीकडे फिरून आली. बूट तिने घातले, पण गप्प बसण्याचा विजय माझा आहे.

*

नवा पदार्थ मुलं पहिल्या फटक्यात खात नाहीत, आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा समोर ठेवावा लागतो, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी चिकाटीने कॅलेंडरवर टिंबं देत होते. बाराव्या टिंबाला चिरंजीवांनी हिरवी भाजी उचलली, चाटली आणि ताटात परत ठेवली.

चाटली हो!

*

जुळ्यांची आई. दोघं एकाच वेळी झोपले. बावीस मिनिटं. त्यातली सतरा मी आता काय करावं हे ठरवण्यात घालवली.

*

आजीने लिहिलेलं चालेल ना? नात अडीच वर्षांची. आजवर शू झाल्यावर सांगायची, काल आधी सांगितलं. माझे गुडघे विसरून पळाले. पोचलो मात्र नाही, दारातच झालं. पण आधी सांगितलं की नाही? सून म्हणाली, रात्रीचं कधी जमणार? म्हटलं, त्याला वेळ लागतो, पाचव्या वर्षीही कितीतरी मुलं अंथरूण ओलं करतात. तुझा नवराही करायचा. (हे मुलाला सांगू नका.)

*

दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं. आमचा तास बऱ्याचदा दीड तासाचा असतो, खोटं कशाला बोलू? पण मंगळवारी कार्टून संपलं आणि मुलाने आपण होऊन मोबाइल माझ्या हातात दिला. माझाच विश्वास बसेना. मी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

*

माझं विजयात धरायचं की नाही, तुम्हीच सांगा. सकाळी सांडलेल्या दुधावरून मी चार वर्षांच्या लेकीवर जोरात ओरडले. दिवसभर ऑफिसात तेच डोक्यात. संध्याकाळी तिच्यासमोर खाली बसले आणि म्हटलं, "सकाळी मी ओरडले, ते चुकलं माझं. सॉरी." आमच्या लहानपणी मोठ्या माणसाने असं म्हटल्याचं मला आठवत नाही, त्यामुळे शब्द घशातच अडकत होते. ती बाहुलीचे केस विंचरत होती. मान वर न करता म्हणाली, "बरं. पुढच्या वेळी हळू ओरड."

*

अगदी वर प्रश्न विचारणारी बाई म्हणतेय : धरायचं! नक्की धरायचं.

आजची माझी खबर : उंबऱ्याच्या अलीकडे गुडघ्याखाली वाजणारं बदक आलं. लेक मांडीवर आहे, एका हाताने लिहितेय. बदक त्याच्याकडे आहे.