मदत हवी आहे: बाबांच्या ब्रेन सीटीत फ्रॅक्चर नाही, कानाच्या सीटीत आहे, असं कसं?

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. रविवारी बाबा (वय ५८) वळणावरच्या वाळूत गाडी घसरून पडले, हेल्मेट डिकीतच होतं. दोन मिनिटं शुद्ध नव्हती आणि उजव्या कानातून रक्त आलं. तालुक्याला नेऊन लगेच ब्रेनचा सीटी काढला, मेंदूत रक्तस्राव नाही म्हणाले, ते ऐकून आम्ही सगळे रडलोच. रिपोर्टमध्ये खाली एक ओळ होती, उजव्या मास्टॉइडमधल्या (कानामागच्या हाडातल्या) हवेच्या पोकळ्या भरलेल्या दिसतात, तिच्याकडे आमच्यापैकी कुणाचं लक्षच गेलं नाही.

गुरुवारी सकाळी चहा पिताना बाबांच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून चहा शर्टावर सांडायला लागला. बघितलं तर उजवा डोळा मिटत नव्हता, मिटायला सांगितलं की नुसतं पांढरं दिसायचं. कानाच्या डॉक्टरांनी टेंपोरल बोनचा, म्हणजे कानाभोवतीच्या हाडाचा, एचआरसीटी (जास्त बारकाईचा सीटी) करायला लावला आणि त्यात लाँगिट्युडिनल (हाडाच्या लांबीच्या दिशेने गेलेलं) फ्रॅक्चर निघालं, ऑटिक कॅप्सूल (आतल्या कानाभोवतीचं हाड) शाबूत, मिडल इअरमध्ये (मधल्या कानात) रक्त, इन्कस (मधल्या कानातलं छोटं हाड) सरकलंय असं लिहिलंय. स्टेरॉइड चालू केलंय. पहिल्या सीटीत हे सुटलं कसं? आणि उजव्या कानाने ऐकू येत नाही ते कायमचं का? रात्रभर झोप नाही, कुणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद: ताई, मी सीटी टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा. ब्रेन सीटी मेंदूतलं रक्त बघायला असतो, त्याचे स्लाइस बऱ्याचदा ५ मिमीचे, त्यात या हाडाची बारीक चीर सहज निसटते. एचआरसीटीत १ मिमीपेक्षा पातळ स्लाइस घेतात, इन्कससारखं इवलंसं हाड त्यातच नीट दिसतं. मास्टॉइड भरलेलं ही पहिल्या सीटीतली खूणच होती. ऑटिक कॅप्सूल शाबूत म्हणजे आतला कान फ्रॅक्चरमधून वाचलाय, ही मोठी जमेची बाजू. मिडल इअरमध्ये रक्त असलं की ऐकू कमी येतंच, ते ओसरल्यावर साधारण ४ ते ६ आठवड्यांनी ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करतात, तेव्हाही कमी भरलं तर इन्कसचं ऑपरेशन होऊ शकतं. चेहऱ्याची उजवी बाजू लगेच लुळी न पडता चौथ्या दिवशी पडली, अशात बहुतेक वेळा चेहरा हलवणारी नर्व्ह (फेशियल नर्व्ह) तुटलेली नसते, सुजलेली असते. तरी फ्रॅक्चरची रेष फेशियल नर्व्हच्या कॅनॉलमधून (हाडातल्या तिच्या नळीतून) जाते का हे डॉक्टरांना विचाराच. पुढे वाकल्यावर नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं काही आलं तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा, मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. कान कोरडा ठेवा, मनाने कसलेही थेंब टाकू नका, नाक जोरात शिंकरू देऊ नका. डोळ्यात ड्रॉप्स आणि रात्री टेप लावायचं डॉक्टरांना आजच विचारा, बुबुळ सुकलं तर जखम होते.

धागाकर्ती: दादा, खूप खूप आभार. बाबांना आत्ताच पुढे वाकायला लावलं, काही आलं नाही. ड्रॉप्ससाठी डॉक्टरांना फोन लावतेय, नर्व्हच्या रेषेचंही त्यातच विचारते.